वाढदिवसाला दिलेला अकरा नंबर

हार्लन क्रीक, ओहायो
२८ एप्रिल

प्रिय बर्निस आत्या,

तुझं पत्र मिळालं. कानाचं यंत्र पुन्हा ड्रॉवरमध्ये गेलं हे वाचून नवल वाटलं नाही. तेव्हा फोन नको, पत्रच बरं. शिवाय आजची बातमी फोनवर सांगितली असती तर तू हसली असतीस, आणि तुला ऐकू येत नसलं तरी मला येतं.

हॅटीला आम्ही सॉकरच्या ट्रॅव्हल क्लबात, म्हणजे गावोगाव जाऊन मॅच खेळणाऱ्या क्लबात, घालतोय. ती सात वर्षांची आहे, म्हणजे खरं तर उशीरच झाला. तिच्या वर्गातल्या पाच जणी आधीच गेल्या. सातव्या वर्षी घातलं नाही तर आठव्या वर्षी जागा नसते आणि नवव्या वर्षी मूल शिळं होतं, असं मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या सगळ्या आयांचं मत आहे. त्यांच्यापैकी एकीनेही आयुष्यात चेंडूला लाथ मारलेली नाही, पण अभ्यास दांडगा.

सध्या ती गावच्या टीममध्ये खेळते. कोच रामिरो बेनाविदेस, धंद्याने प्लंबर, माणूस सोन्यासारखा. पण शिकवणं काय, तर "पोरींनो, तिकडे" म्हणून बोट दाखवायचं. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी. गोल मोजायचे नाहीत. गेल्या शनिवारी हॅटी आणि रामिरोची मुलगी मारिसोल, दोघी खेळ सोडून सुरवंट बघत बसल्या आणि बाकीच्यांनी त्यांना वळसा घालून खेळ चालू ठेवला.

तीन क्लब बघितले. पहिल्याने एक तक्ता दाखवला, 'मार्ग' नावाचा. आठ वर्षांखालच्या गटापासून निघतो तो थेट कॉलेजात पोचतो. दुसऱ्या क्लबात कोणीच हसलं नाही, म्हणून तो चांगला असावा असं डगला वाटलं. तिसरा फाल्कन रिज. तिथला कोच गॅरेथ इंग्लंडहून आलाय. तो नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाला आणि डगने तिथेच फॉर्म भरायला घेतला. त्यांच्या तीन टीम असतात, प्रीमियर, सिलेक्ट आणि एलिट. एलिट सगळ्यात खालची. विचारू नकोस, मीही विचारलं नाही.

निवड चाचणी दहा मेला, शनिवारी आहे. मारिसोलही येणार आहे. आदल्या संध्याकाळी तिच्या वाढदिवसाची पार्टी आहे, पण हॅटीला लवकर झोपवायचं म्हणून मी जमणार नाही असं कळवलं. हॅटी रडली. भेट काय, नंतरही देता येते. मागे राहिलेल्या मुलीची आई व्हायचं नाहीये मला, आत्या, एवढंच.

तुझी
ग्रेचेन

~

ईरी, पेनसिल्व्हेनिया
४ मे

प्रिय ग्रेचेन,

तीन क्लब बघितलेस हे वाचून बरं वाटलं. डगशी लग्न करताना एकच बघितला होतास.

मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. त्या बसमध्ये पोरं रोज प्रवास करायची, पण ट्रॅव्हल म्हणून कोणी मिरवलं नाही. मला एक समजावून सांग. तुम्ही दोन तास गाडी हाकत दुसऱ्या गावच्या पोरींशी खेळायला जाणार, आणि पुढच्या आठवड्यात त्या दोन तास गाडी हाकत तुमच्याकडे येणार. दोन्हीकडच्या पोरी आपापल्या गावात राहून खेळल्या तर कोणाचा खेळ बिघडतो? पेट्रोल पंपवाल्याचा सोडून.

सगळ्यात खालच्या टीमला एलिट म्हणतात, म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आणि तो 'मार्ग'. सध्या हॅटीचा मार्ग बसच्या पायरीपासून फ्रीजपर्यंत जातो. त्यावर ती चांगली पळते असं मला आठवतं.

वाढदिवसाला जाऊ दे तिला. झोपेपेक्षा केकवर पोरं जास्त धावतात. हे मी बसच्या आरशात बघितलेलं आहे.

बर्निस आत्या

~

हार्लन क्रीक
१३ मे

प्रिय आत्या,

हसायचं ते हसून घे, कारण हॅटी प्रीमियरमध्ये गेली. थेट प्रीमियर.

सांगते. टेबलावर प्रत्येक मुलीला नंबरची बंडी दिली. हॅटीला अकरा, मारिसोलला चौतीस. कोच कोणालाच नावाने ओळखत नाहीत, फक्त नंबर. म्हणजे वशिल्याला जागाच नको. पालकांनी मैदानाजवळ फिरकायचं नाही, गाडीतच बसायचं, असा नियम. मी पहिल्या रांगेत गाडी लावली आणि शांतपणे विणकाम करत बसले. काही लोकांना मात्र अजिबात धीर नसतो. पार पलीकडच्या टोकाला, मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, निळ्या ट्रकमध्ये एक बाप चक्क दुर्बीण लावून बसला होता. दाढीला डोनटची साखर लागलेली, तिचंही भान नाही. सात वर्षांच्या पोरांच्या खेळाला दुर्बीण. माणसं कुठल्या थराला जातील सांगता येत नाही.

रविवारी संध्याकाळी ईमेल आला. अकरा नंबरच्या खेळाडूला प्रीमियरमध्ये जागा, चोवीस तासांत कळवा. आम्ही चार मिनिटांत कळवलं. गॅरेथने खाली लिहिलं होतं की अकरा नंबरला 'नजर' आहे, अशी मुलगी पाच वर्षांत एखादीच दिसते.

मारिसोलला घेतलं नाही. एलिटमध्येसुद्धा नाही. वाईट वाटलं, पण खेळ म्हटला की असं व्हायचंच. वाढदिवसाला आम्ही गेलो नाही, ते बरंच झालं म्हणायचं.

हॅटी दोन दिवस गप्प आहे. आनंदाने असेल.

तुझी
ग्रेचेन

~

ईरी
१९ मे

प्रिय ग्रेचेन,

अभिनंदन. हॅटीचं की गॅरेथचं ते तू ठरव.

आनंदाने गप्प बसलेली मुलं मी एकतीस वर्षांत दोनच पाहिली. दोघांच्याही दप्तरात बेडूक निघाला.

आणखी एक. निळा ट्रक मैदानाच्या पलीकडे, तू अलीकडे, मध्ये अख्खं मैदान, हातात विणकामाच्या सुया, आणि तुला त्या माणसाच्या दाढीतली साखर दिसली. 'नजर' हॅटीला कुठून मिळाली ते कळलं.

बर्निस आत्या

~

२ जून

प्रिय बर्निस आजी,

तू कशी आहेस. मी बरी आहे. आमच्या दारात एक बेडूक आला होता पण गेला.

मला एक विचारायचं आहे. भेट दिलेली वस्तू परत घेता येते का.

मारिसोलच्या पार्टीला मी गेले नाही म्हणून माझ्याकडे भेट नव्हती. चाचणीच्या दिवशी बाथरूमच्या रांगेत ती म्हणाली तुझा अकरा किती छान आहे. तिचे बाबा लहानपणी अकरा नंबर घालायचे. मग मी म्हटलं घे, तुझ्या वाढदिवसाची भेट. ती म्हणाली खरंच? मी म्हटलं खरंच. मग मी चौतीस घातला. मारिसोलने खूप गोल केले. एकदा मी तिला चेंडू दिला.

मग ईमेल आला की अकराला घेतलं. आईने मला उचलून गोल गोल फिरवलं. जेवताना मी सांगितलं की अकरा मारिसोल होती. बाबा ओव्हनजवळ होते, त्यांना ऐकू आलं नाही. आई म्हणाली याबद्दल आपण बोलायचं नाही, मारिसोलला वाईट वाटेल. पण लिहायचं नाही असं ती म्हणाली नाही.

मारिसोल आता शाळेत सुट्टीत खेळत नाही. ती म्हणते मी वेडीवाकडी पळते असं क्लबला दिसलं. मी तिला सांगू का.

आईला पण माहीत होतं असं मला वाटतं. तिच्याकडे बाबांची हरणं बघायची दुर्बीण होती.

तुझी
हॅटी

~

ईरी
९ जून

प्रिय हॅटी,

मला जोडलेल्या वळणदार अक्षरातच लिहिता येतं. हल्ली शाळेत ते शिकवत नाहीत, त्यामुळे हे पत्र तुला आईकडून वाचून घ्यावं लागेल. ग्रेचेन, सगळं वाच. मधल्या ओळी गाळू नकोस.

हॅटी, तू दिलेली भेट फार चांगली होती. माझ्या एकाही वाढदिवसाला कोणी मला नंबर दिला नाही. दिलेली भेट परत घ्यायची नसते, तेव्हा अकरा मारिसोलचाच.

पण कधी कधी पाहुणे येतात आणि जाताना त्यांची छत्री आपल्याकडे राहते. ती आपण वापरत नाही. त्यांना नेऊन देतो. आणि छत्री मोठ्या माणसाने ठेवून घेतली असेल, तर ती नेऊन देण्याचं काम लहान मुलाचं नसतं. तू सांगायचं ते सांगितलंस, योग्य माणसाला सांगितलंस. पुढचं तुझं काम नाही.

खेळत राहा. सुरवंट दिसले तर थांब.

बर्निस आजी

~

हार्लन क्रीक
३० ऑगस्ट

प्रिय आत्या,

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नकोस. उन्हाळा कसा गेला कळलंच नाही. तू हॅटीला लिहिलेलं पत्र मिळालं. तुझं अक्षर आता फारच किरटं झालंय, मला निम्मंच लागलं. छत्रीबद्दल काहीतरी होतं. मी तिला थोडक्यात सांगितलं की बर्निस आजीला तुझा अभिमान वाटतो आणि पावसात छत्री घेऊन जा.

इकडे सगळं मजेत. फाल्कन रिजचा सीझन सुरू झाला. सरावाला सगळ्या एकसारख्या बॅगा, एकसारखे मोजे. हाफटाइमला संत्री चालत नाहीत, कारण संत्र्यात साखर असते आणि साखरेत शिस्त नसते. पहिल्या मॅचला आम्ही पहाटे निघून टोलेडोजवळ गेलो. हॅटी चार मिनिटं खेळली. दुसऱ्या मॅचला सहा. गॅरेथ म्हणतो, मे महिन्यात जी मुलगी बघितली ती अजून यायची आहे, वाट बघू. फार सहनशील माणूस.

घरी ती चेंडूला हात लावत नाही. चेंडू गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे पडलाय. दमत असेल बिचारी. परवा म्हणाली, "आई, मी बाकावर चांगली बसते ना?" मी हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. का ते विचारू नकोस.

मारिसोल गावच्या टीममध्येही खेळत नाही असं कळलं. रामिरो दुकानात भेटला. नेहमीसारखा हसला, हॅटी कशी आहे विचारलं. मी घाईत होते.

तुझी
ग्रेचेन

~

[पोस्टकार्ड. ईरीच्या दीपगृहाचं चित्र. मजकूर मोठ्या, सुट्या अक्षरांत.]

५ सप्टेंबर

हॅटी,

माझं अक्षर आईला लागत नाही म्हणे. म्हणून हे तुलाच वाचता येईल असं लिहिते.

तुमच्या घरी राहिलेली छत्री मारिसोलची आहे. कधी नेऊन देणार, ते आईला विचार.

बर्निस आजी

~

हार्लन क्रीक
२१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

पोस्टकार्ड पोचलं. आमची पोस्टवाली डार्लीन ते वाचतच फाटकातून आत आली आणि म्हणाली, "मग? कधी देताय छत्री?" हॅटीने मागून तोच प्रश्न विचारला. तू पाकीट वाचवलंस की मुद्दाम केलंस, हे मी विचारणार नाही.

तेव्हा ऐक. विणकाम गाडीत होतं, पण पिशवीतच. मी दुर्बीण लावून बसले होते, पहिल्या मिनिटापासून. त्या ट्रकवाल्याची आणि माझी एकदा दुर्बिणीतूनच नजरानजर झाली, आणि दोघांनी दुर्बिणी खाली घेतल्या. अकरा नंबर धावताना दिसला. त्याची वेणी काळी होती. माझ्या मुलीचे केस वाळलेल्या गवताच्या रंगाचे आहेत, आत्या. मी स्वतःला सांगितलं की उन्हामुळे तसं दिसतं. त्या दिवशी ढग होते.

ईमेलला चार मिनिटांत उत्तर दिलं, कारण पाचव्या मिनिटाला मी विचार केला असता. आणि हॅटीने जेवताना सांगितलं तेव्हा मी तिला गप्प केलं. मारिसोलला वाईट वाटेल म्हणून. हे वाक्य मी उन्हाळाभर रोज आठवतेय. मला लाज वाटते. साधी सरळ लाज, त्यावर विनोद सुचत नाही.

डगला आधी सांगितलं. तो म्हणाला, "दुर्बीण मी खालच्या फळीवर ठेवायला नको होती." हा त्याचा विनोद होता की दुःख, लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला ओळखता येत नाही.

मंगळवारी बेनाविदेसांकडे गेले. रामिरो हात पुसत दारात आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "मला नको सांगूस. तिला सांग." आणि मारिसोलला हाक मारली.

आम्ही दोघी पायरीवर बसलो. मी म्हटलं, "मारिसोल, मे महिन्यात क्लबने ज्या मुलीला घेतलं ती तू होतीस. नाही म्हटलं ते हॅटीला. मला तेव्हाच दिसलं होतं आणि मी कोणाला सांगितलं नाही. चूक माझी आहे, हॅटीची नाही, आणि तू अजिबात वेडीवाकडी पळत नाहीस."

तिने बुटाची नाडी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "म्हणजे चौतीसला त्यांनी नाही म्हटलं?"

"हो."

"पण चौतीस चांगली आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या गोलला तिनेच मला चेंडू दिला होता."

एवढी 'नजर' सगळ्या क्लबात मिळून नाही. रामिरोने दार लावलं, अगदी हळू. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी फाल्कन रिजला जाऊन सांगितलं. तिथला मुख्य म्हणाला, आमच्या नोंदीत अकरा म्हणजे हॅटी, आता बदलणं अवघड आहे. मी म्हटलं, मग हॅटी सोडतेय, ते तरी नोंदवा. जागा रिकामी झाल्यावर त्यांनी संध्याकाळी बेनाविदेसांना ईमेल केला. चोवीस तासांत कळवा. रामिरोने चार दिवस घेतले. जागा तशीच राहिली. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क मी घालवून बसलेय.

तुझी
ग्रेचेन

~

२६ ऑक्टोबर

प्रिय बर्निस आजी,

तू कशी आहेस. मी बरी आहे. मला एक दात नाही.

मी पुन्हा कोच रामिरोच्या टीममध्ये आहे. काल आम्ही हरलो असं मला वाटतं, पण मोजलं नाही. मी चेंडू गॅरेजमधून काढला. त्यात कोळी राहत होता.

मारिसोल आता फाल्कन रिजमध्ये खेळते. तिला अकरा नंबर मिळाला. ती प्रत्येक मॅचमध्ये पूर्ण वेळ खेळते. पण शनिवारी त्याच वेळी कोच रामिरो आम्हाला शिकवतात, म्हणून तिला कोण नेणार असं झालं. आईने विचारलं मी नेऊ का. कोच आधी नाही म्हणाले. मग तीन आठवड्यांनी हो म्हणाले. आता आई दर शनिवारी अंधार असताना उठते आणि मारिसोलला घेऊन दोन तास गाडी चालवते. ती तिथे घडीच्या खुर्चीवर बसते. दुर्बीण नेत नाही. ती बाबांनी वरच्या फळीवर ठेवली. मला माझे बाबा नेतात, चालत.

आई गुपचूप मारिसोलला हाफटाइमला संत्र्याच्या फोडी देते. गॅरेथला सांगू नकोस.

मंगळवारी मारिसोल आमच्या अंगणात येते. ती मला पाय कसा वळवायचा ते शिकवते. मी तिला सुरवंट कुठे असतात ते दाखवते, पण आता थंडी आहे.

पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे. मारिसोलने विचारलं तुला काय हवं. मी म्हटलं चौतीस नंबर.

ती म्हणाली, तो कसा देऊ, तो तर तुझाच आहे.

तुझी
हॅटी